हजेरीचं यंत्र

योजनेचं नाव बॅनरवर तीन ओळींत कसंबसं बसलं होतं.
चौथ्या ओळीत, मोठ्या अक्षरांत: घरबसल्या कमवा.
कुलाब्याच्या पालिका शाळेत, दुसऱ्या मजल्यावर,
दुसरीच्याच वर्गात आमचं केंद्र.
भिंतीवर अजून ‘ण बाणाचा’,
बाकं इतकी बुटकी
की वीस वर्षांच्या पोरांचे गुडघे हनुवटीला लागायचे.
संगणक वीस, चालू चौदा,
आणि मी, अकरा महिन्यांच्या करारावरचा,
परदेशातल्या गिऱ्हाइकाला नमस्कार कसा लिहावा ते शिकवणारा.

दाराशी यंत्र.
अंगठा ठेवला की हिरवा दिवा लागतो.
तेवढ्यापुरतं सरकारला कळतं, तुम्ही आहात.

जयमाला राठोड
पहाटे तीनपासून धक्क्यावर कोळंबी सोलते, आईशेजारी.
बोटं बर्फात. पैसे पाटीमागे.
दहाला ती वर्गात, सगळ्यांच्या आधी.
तिच्या अंगठ्यावर रेषाच नाहीत,
नदीतल्या गोट्यासारखा गुळगुळीत.
यंत्र म्हणतं, पुन्हा प्रयत्न करा.

इरफान म्हणाला, केसांत घासून बघ.
ग्लेननं व्हॅसलीनची डबी आणली.
कुणी म्हणालं लिंबू, कुणी म्हणालं डावा हात.
डावा तर उजव्याहून झिजलेला,
कोळंबी धरतो तोच.
पुन्हा प्रयत्न करा.

मी तक्रार नोंदवली. आकडी क्रमांक मिळाला.
पाचव्या दिवशी निरोप:
आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.

मग एकदा तिची आई आली, ओल्या पदरानं,
उंबऱ्याच्या आत काही आली नाही.
म्हणाली, साहेब, आम्ही अंगठेछाप.
रेशनला अंगठा, उचल घेतली तरी अंगठा,
शाई पुसायला फडकं सुद्धा देत नव्हते, भिंतीला पुसायचो.
हिच्यावर ती पाळी नको म्हणून बारावी केली.
आणि तुमचं एवढं इंग्लिश शिक्षण,
ते पण अंगठाच मागतं व्हय?

मी म्हटलं, चहा घेता का.

बत्तीस जणांत काम मिळालं एकटीला.
फोटोंतल्या हातांभोवती रेघ ओढायची,
म्हणजे कुठल्यातरी देशातल्या यंत्राला
हात ओळखता येईल.
एका फोटोचे दोन रुपये दहा पैसे.
घरबसल्या नाही. घरात पाच जणांत
बसायची जागा एकाची, ती आजाऱ्याची.
धक्क्यावरच, उलट्या क्रेटवर,
गाऊनला हात पुसून, फोनवर.
तिची एकही रेघ परत आली नाही.
मी विचारलं, एवढी बारीक कशी जमते?
म्हणाली, सर, टरफल कुठं संपतं
ते बोटांना कळतं ना.

मग थोडं थांबून:
पण ह्यातले सगळे हात कोरडे आहेत.

समारोपाला पाहुणे दीड तास उशिरा.
अहवालात लिहिलं: प्रशिक्षित एकतीस,
सतत गैरहजर एक.
त्या गैरहजर मुलीनं सगळ्यांचे फोटो काढले,
प्रमाणपत्र सरळ धरा, म्हणत.
ग्लेनचे डोळे मिटले होते, त्याचा पुन्हा काढला.

माझ्याकडे एक वही होती,
वर्गातल्या कपाटात सापडलेली, अर्धी कोरी.
पुढच्या पानांवर दुसरीतल्या मुलांची नावं, दातपडक्या अक्षरांत.
मागून मी रोज एकच नाव लिहायचो, पुढे: हजर.
ती वही कुणी मागितली नाही.
मागितली असती तरी चालली नसती.

शेवटच्या दिवशी तिला म्हटलं, सही कर इथं.
तिनं पेन झटकलं,
नाव लिहिलं, मग आईचं, मग बापाचं, मग आडनाव,
रकान्याबाहेर, समासापर्यंत.

करार संपून आता सात महिने झाले.
वही घरी आहे, वीजबिलांच्या खाली.
कधी बिल काढायला खण उघडतो
तर कोळंबीचा वास येतो.
बायको म्हणते, फेकून दे ना ते.